दुष्काळाचे साल, पेशवे दफ्तर आणि नवखा संशोधक: सुरुवात कुठून करावी?

इंद्रायणीकाठ

नमस्कार. मी इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे पीएच.डी. करण्याचे ठरवले आहे. उत्तर मध्ययुग आणि अठरावे शतक हा माझ्या आवडीचा काळ. त्यातही 1803-04 च्या दख्खनमधील दुष्काळावर काम करावे असे मनात आहे. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरे बाजीराव वसईला गेले, 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह झाला आणि पुढच्या मे महिन्यात ते इंग्रजी फौजेच्या संरक्षणात पुण्याला परतले, हा राजकीय भाग पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याच सुमारास फौजांनी तुडवलेल्या आणि पावसाने दगा दिलेल्या पुणे प्रांतातील गावांचे काय झाले, सारा कोणाला सुटला, कोणाकडून वसूल झाला आणि ओस पडलेल्या जमिनी पुन्हा कशा लागवडीस आल्या, हे मला शोधायचे आहे.

अडचण अशी की मला दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. एक प्राध्यापक म्हणतात, आधी छापील साधने संपूर्ण वाचा, पेशव्यांच्या मूळ सरकारी कागदांकडे, म्हणजे दफ्तराकडे, नंतर वळा. दुसरे म्हणतात, मोडी शिका आणि थेट दफ्तरात बसा, छापील खंडांत तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दफ्तरी

विषय चांगला आहे आणि प्रश्न योग्य वेळी विचारला आहे. माझे मत असे की छापील की मूळ हा वाद बाजूला ठेवून आधी एक गोष्ट ठरवावी: माझ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा कागद त्या काळी कोणी, कशासाठी लिहिला असता? तो कागद ओळखता आला की तो छापला गेला आहे की नाही हे लवकर समजते.

तुमच्यापुरते बोलायचे तर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड निघाले. एवढ्या थोड्या वर्षांत झालेले ते काम अफाट आहे आणि त्याबद्दल आदरच बाळगला पाहिजे. पण निवड म्हटली की निवडणाऱ्याचा प्रश्न तिच्यात उतरतो. त्या पिढीचा प्रश्न राजकारणाचा होता. मोहिमा, वकिलांची पत्रे, दरबारातील बातम्या, घराण्यांचे व्यवहार यांना तिथे अग्रक्रम मिळाला. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले जे कागद आजही आहेत, त्यांचा फार मोठा भाग हिशेबाचा आहे. रोजकीर्द म्हणजे सरकारात दर दिवशी झालेल्या व्यवहारांची आणि निघालेल्या हुकमांची नोंद. त्या नोंदी पुढे खातेवार लावल्या की घडणी. वर्षारंभी प्रांताच्या उत्पन्नाचा अंदाज बांधला की आजमास. वर्षअखेरीस जमा, खर्च आणि बाकी मांडली की ताळेबंद. सारा सुटल्याची नोंद तुम्हाला या कागदांत मिळेल, सेनापतीच्या पत्रात मिळणार नाही.

म्हणून मी दुसऱ्या प्राध्यापकांच्या बाजूने आहे. तरीही पहिल्यांचे म्हणणे टाकून देऊ नका. छापील कागद न वाचता दफ्तरात बसलेल्या विद्यार्थ्याला कागदाची भाषाच कळत नाही. कौल (सरकारचे लेखी वचन), इस्तावा (पडीक जमिनीवरचा चढता सारा), तगाई (शेतीसाठी कर्ज), मिरासदार (वंशपरंपरागत जमीनधारक), उपरी (बाहेरून आलेले कूळ) हे शब्द कोणत्या वाक्यात कसे येतात हे छापील पानावर डोळ्यांत बसले, की मोडीतले तेच वाक्य अर्धे आपोआप वाचता येते.

पायवाट

मोडी अजिबात येत नसेल तर किती काळ लागतो? मीही याच उंबरठ्यावर उभी आहे.

बोरू आणि दौत

पायवाट, अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पण कागद वाचता येणे हा निराळा टप्पा आहे. राज्य शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते, तिथून सुरुवात करणे उत्तम.

खरी अडचण कुठे येते ते सांगतो. लेखक आधी डोक्यावरची रेघ कागदभर ओढून घेतो आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जातो. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यावर संक्षेप असतात. ‘ता’पुढे दोन उभ्या रेघा दिसल्या तर तो तालुका असेल, तारीख असेल किंवा तर्फ (गावांचा गट) असेल, पुढे गावाचे नाव आहे की आकडा आहे यावरून ठरवावे लागते. शब्द वाचून अर्थ लावायचा ही आपली रोजची सवय इथे उलटी चालते. कागद कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखले तर त्यात काय यायला हवे याचा अंदाज येतो, आणि त्या अंदाजाने शब्द सुटतो. अभयपत्र, महजर (गावसभेचा साक्षींसह निवाडा), कौल, कबुलायत (सारा भरण्याची लेखी कबुली), ताळेबंद, प्रत्येकाचा साचा ठरलेला आहे. एका प्रकारचे भरपूर कागद सलग वाचा. आज महजर आणि उद्या रोजकीर्द असे केले तर हात बसत नाही.

मोडी शिकल्यापासून आजोबांच्या सावकारी वह्या वाचून दाखवण्याचे काम घरात माझ्याकडे आले आहे, आणि कोणाचे कोणाला किती देणे होते हे आता सगळ्या भावकीला कळले आहे!

शकावली

मोडीइतकेच लक्ष कालगणनेकडे द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तुमचे साल दफ्तरात 1803 म्हणून कुठेच भेटणार नाही. तिथे ‘सन आर्बा मयातैन व अलफ’ असे लिहिलेले असेल. आर्बा म्हणजे 4, मयातैन 200, अलफ 1000. मिळून शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतली सौर कालगणना, 1204. हे साल मृग नक्षत्र लागते तेव्हा सुरू होते, म्हणून शेतसाऱ्याच्या हिशेबाला ते सोयीचे. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे 1803 चा पावसाळा आणि 1804 चा उन्हाळा एकाच सालात बसतात, आणि तुम्हाला हवे आहे ते नेमके हेच साल. तेच वर्ष फसली (महसुली) गणनेत 1213 आणि शकात 1725, रुधिरोद्गारी नाम संवत्सर. मात्र शकाचे वर्ष चैत्रात बदलते, त्यामुळे कडेचे महिने इकडेतिकडे होतात.

पडताळ्यासाठी माहीत असलेली तारीख घ्या. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली, शके 1682, पौष शुद्ध 8. शुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे 1161. जानेवारी असल्यामुळे 600 मिळवले, 1761 आले.

सतराव्या शतकाकडे वळाल तर आणखी एक गाठ आहे. इंग्रजांनी 1752 पर्यंत जुनी ज्युलियन गणना वापरली, पोर्तुगीजांनी 1582 मध्येच नवी स्वीकारली. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेत तो दिवस 16 जून येतो. एकाच घटनेबद्दल सुरतेच्या इंग्रजाने आणि गोव्याच्या पोर्तुगीजाने लिहिलेल्या पत्रांत दहा दिवसांचे अंतर दिसले तर कोणी खोटे बोलत आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये.

जुन्नरी कागद

वरील सर्व सल्ला मोलाचा आहे, पण धाग्याच्या मूळ प्रश्नातच एक अडचण आहे आणि तिच्याकडे अजून कोणी बोट दाखवलेले नाही. दफ्तरीकाकांनी जी हिशेबाची शिस्त वर्णन केली ती थोरल्या माधवरावांच्या आणि नाना फडणिसांच्या कारभारातली. दुसऱ्या बाजीरावांच्या कारकिर्दीत ती राहिली नाही. मामलती (प्रांताच्या वसुलीचे अधिकार) मक्त्याने, म्हणजे ठेक्याने, दिल्या जाऊ लागल्या. जो जास्त बोली करील त्याला प्रांत मिळे, आणि ठरलेली रक्कम भरल्यावर त्याने गावाकडून काय घेतले याचा तपशील सरकारात यावा अशी गरजच उरली नाही. दख्खनचा इंग्रज कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 च्या आपल्या अहवालात या मक्तेदारीचे दुष्परिणाम लिहिले आहेत. तो जिंकणाऱ्यांचा माणूस, म्हणून त्याचे म्हणणे तोलून घ्यावे लागेल, तरीही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

तेव्हा इंद्रायणीकाठ, नेमक्या ज्या सालाचा तपशील तुम्हाला हवा आहे त्या सालाचे गाववार कागद विरळ असण्याची शक्यता मोठी आहे. माझा सल्ला असा की साल बदला. 1763 मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, त्याच वर्षी 10 ऑगस्टला राक्षसभुवनची लढाई झाली. त्यानंतरच्या वर्षांत उद्ध्वस्त गावांना दिलेल्या सुटीचा अभ्यास करा. प्रश्न तोच राहील, कागद मात्र भरपूर मिळतील.

दफ्तरी

जुन्नरी कागद यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. कागद जिथे विपुल आहेत तिथेच सगळे विद्यार्थी गेले, तर ज्या काळात राज्य मोडले त्या काळाचा गावपातळीवरचा इतिहास कधीच लिहिला जाणार नाही. सरकारी दफ्तर तुटक असेल तर देशमुख-देशपांड्यांच्या घरची दफ्तरे, देवस्थानांचे हिशेब, सावकारांच्या वह्या यांच्याकडे वळावे. मक्तेदाराने सरकारला हिशेब दिला नसेल, पण देशपांड्याने स्वतःच्या हक्कासाठी तो ठेवलेला असतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायी हिंडले ते याचसाठी. 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, त्यातला मोठा ऐवज वाड्यांच्या माळ्यांवरून आलेला आहे. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही असे कागद गोळा व्हावेत आणि वाचले जावेत म्हणून. मंडळातील घराणेवार दफ्तरांच्या याद्या अवश्य पाहाव्यात.

कऱ्हाकाठचा

मी संशोधक नाही, शेतकरी आहे, पण आमच्या घरात पाटीलकीचे कागद आहेत म्हणून लिहितो. त्यात एक महजर आहे. खाली सगळ्या गावाच्या निशाण्या आहेत: पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपल्या धंद्याचे हत्यार काढून साक्ष घातली आहे. आमच्याकडे पूर्वी एक अभ्यासक आले होते, त्यांनी कागद पाहायला नेले आणि ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून घरातले वडीलधारे कोणाला रुमाल सोडू देत नाहीत. विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे. घरातच बसून, घरच्या माणसासमोर छायाचित्रे घ्या आणि त्याची एक प्रत त्या घरी द्या, म्हणजे दार उघडे राहील.

बोरू आणि दौत

कऱ्हाकाठचा, आपल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. एक विनंती: तो कागद लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी हातकागदाचे कायमचे नुकसान होते. स्वच्छ सुती कापडात, घड्या शक्य तितक्या उलगडून, कोरड्या जागी ठेवा. त्या निशाण्यांत कोणाकोणाचा क्रम कुठे लागला आहे तेही टिपून ठेवावे, कारण गोतसभेतील (गावच्या न्यायसभेतील) मानाचा क्रम त्यातून दिसतो.

मांडवी

थोडे विषयांतर करतो, पण सतराव्या-अठराव्या शतकाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या इतरांसाठी ते उपयोगी पडावे. पणजीच्या पुराभिलेखागाराचा आरंभ 1595 पर्यंत मागे जातो, तेव्हा दियोगु द कोतु याची गोव्यात दफ्तराचा रक्षक म्हणून नेमणूक झाली होती. लिस्बनहून दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या जहाजांतून झालेला पत्रव्यवहार आणि शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची पुस्तके तिथे आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचून त्यातील मराठ्यांविषयीची साधने उजेडात आणली. कोकण, वसई, संभाजी महाराजांची गोव्यावरील स्वारी यांचा अभ्यास पोर्तुगीजशिवाय पुरा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दौलताबाद

मग फारसीचे काय? मध्ययुगाचा विद्यार्थी म्हणवणाऱ्याने फारसी शिकलीच पाहिजे. आदिलशाही, निजामशाही आणि मोगल दरबार यांच्या कागदांना हात न लावता मराठ्यांचा इतिहास लिहिणे म्हणजे एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निवाडा देणे होय. 1665 च्या पुरंदरच्या तहामागील हालचाली मिर्झा राजा जयसिंगाच्या फारसी पत्रांतून जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या बखरींतून दिसत नाहीत. मोगल दरबाराचे अखबार (बातमीपत्रे) बिकानेरच्या अभिलेखागारात आणि मध्य प्रदेशातील सीतामऊच्या संग्रहात पाहायला मिळतात. मराठीत मात्र त्यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी फार थोडे.

जुन्नरी कागद

दौलताबाद, सतराव्या शतकासाठी शंभर टक्के सहमत. आदिलशाही अंमलातील कित्येक कागद तर दुभाषी आहेत, वर फारसी मजकूर आणि खाली तोच मोडीत. पण प्रत्येक विद्यार्थ्याने फारसी, पोर्तुगीज, डच सगळे शिकावे हा आग्रह धरला तर पीएच.डी.ची वर्षे भाषा शिकण्यातच जातील. इंद्रायणीकाठ यांच्या विषयाला मोडी आणि इंग्रजी लागते. तिथेच खोल जावे. जपानमधून आलेले हिरोशी फुकाझावा मराठी शिकले आणि पेशवेकालीन गाव, वतन, बलुते यांवर त्यांनी जे लिहिले त्याला आजही वगळता येत नाही. आपली तर ही मातृभाषा आहे.

डेन हाग

इंग्रजी साधनांबद्दल दोन गोष्टी. पुण्याच्या रेसिडेन्सीचा (पेशवे दरबारातील इंग्रज वकिलातीचा) पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांच्या देखरेखीखाली छापला गेला आहे. 1803 मध्ये पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने 12 ऑगस्ट 1803 रोजी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि पुढच्या वर्षीच्या त्याच्या पत्रांत त्या भागातील उपासमारीचे आणि तिथे उघडलेल्या मदतकार्याचे उल्लेख आहेत. मात्र लष्करी माणसाला धान्य दिसते ते फौजेच्या रसदीच्या नजरेतून, हे विसरू नये.

दुसरे, डॉ. थॉमस कोट्स याने पुण्याजवळच्या लोणी गावाची 1819-20 च्या सुमारास घरोघर पाहणी करून सविस्तर वर्णन लिहिले. कुणब्याची घरे, जमिनीचे प्रकार, गावचे कर्ज, खाणेपिणे सगळे त्यात आहे. दुष्काळानंतर पंधरा-सोळा वर्षांनी एखादे गाव कोणत्या अवस्थेत होते याचा इतका जवळून घेतलेला दुसरा दाखला मला माहीत नाही.

पायवाट

एक शंका. ताळेबंदात ‘दुष्काळामुळे सूट’ असे लिहिले असेल तर ते खरे मानायचे का?

दफ्तरी

फार चांगला प्रश्न. सूट मागणारा पाटील नुकसान वाढवून सांगणार, कारण त्याचा त्यात फायदा आहे. मक्तेदार ते कमी करून दाखवणार, कारण सूट त्याच्या नफ्यातून जाते. कमावीसदार (सरकारचा वसुली अधिकारी) पाहणीला माणूस पाठवणार आणि त्या माणसाची ऊठबस गावखर्चात पडणार. म्हणजे सुटीचा आकडा हा पावसाचा पुरावा नाही, तो या तिघांच्या ओढाताणीत शेवटी काय ठरले त्याचा पुरावा आहे. आणि मला विचाराल तर इतिहास तिथेच आहे.

शिवाय कागदात कोण नाही ते पाहा. मिरासदार पळाला तर त्याची नोंद होते, कारण त्याची जमीन पडीक राहते. उपरी निघून गेला तर ओझरती होते. शेतमजूर, विधवा, घर सोडून गेलेली कुटुंबे यांचा शोध घ्यायचा तर दंडाच्या नोंदी, कुणबिणींच्या (दासींच्या) खरेदीचे कागद, देवस्थानातील अन्नछत्राचा खर्च अशा आडवाटेने जावे लागते. दुष्काळात माणसे विकली गेली असतील तर ते सारा-हिशेबात दिसणार नाही.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेवरून मी विषय असा आवळतो आहे: पुणे प्रांत नको, एकच तर्फ. साल बदलणार नाही, पण जुन्नरी कागद यांचा आक्षेप गंभीरपणे घेऊन त्याच तर्फेतील 1763 नंतरच्या वर्षांचे ताळेबंद तुलनेसाठी घेईन. शिस्तीच्या काळात सूट कशी दिली जात होती हे आधी कळले, तर मक्त्याच्या काळात काय बदलले ते सांगता येईल. सहा महिने मोडी आणि छापील कागद बरोबरीने, एकाच प्रकारचे कागद सलग, म्हणजे कौल आणि इस्तावा. त्यानंतर दफ्तर. देशपांडे घराण्याचा संग्रह ज्या तर्फेत उपलब्ध असेल तीच तर्फ निवडेन.

जुन्नरी कागद

आता माझा आक्षेप उरला नाही. इस्तावा निवडलात हे विशेष चांगले. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिल्या वर्षी थोडा सारा आणि मग वर्षागणिक चढता, अशी ती बोली असते. तिच्यात वर्षांची संख्या आणि चढाचा आकडा दोन्ही लिहिलेले असतात. वर्षे जास्त दिली असतील तर गाव फार बसले होते किंवा लागवडीला माणूस मिळत नव्हता असे समजायला आधार मिळतो. 1763 नंतरचे आणि 1804 नंतरचे इस्तावे समोरासमोर ठेवा.

कऱ्हाकाठचा

आमच्या रुमालात कौल आहेत की नाहीत ते मला वाचता येत नाही. घरातल्यांशी बोललो आहे. ते म्हणाले, मुलाने इथेच बसून पाहायचे असेल तर हरकत नाही. व्यक्तिगत निरोप पाठवा.

शकावली

इंद्रायणीकाठ, ते कागद पाहाल तेव्हा एवढे सांभाळा. तारखेत ‘छ’ आणि त्यापुढे आकडा व सफर, रबिलाखर यांसारखा महिना असेल तर तो चंद्र आहे, म्हणजे हिजरी महिन्याची तिथी. शुहूर साल सौर आणि हे महिने चांद्र, त्यामुळे सालाच्या आरंभीच्या सुमारे अकरा दिवसांच्या तिथी त्याच सालाच्या अखेरीस पुन्हा येतात. मृगाच्या आसपासच्या कागदावर एकाच सनाची आणि एकाच चंद्राची दोन वेगळी इसवी वर्षे निघू शकतात, आणि कौल बहुतेक त्याच दिवसांत दिले जातात. कागदात वार दिला असेल तर त्यावरून निकाल लावा. नसेल तर मजकुरात पेरणी पुढे आहे की वसुली मागे झाली आहे ते पाहा, आणि तेवढ्यानेही ठरले नाही तर दोन्ही तारखा टिपून ठेवा.